हिरवळीचे रफू : अंगणातील कृत्रिम गवत आणि त्याच्या दुरुस्तीचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जी उपनगरे वसली, त्यांत घरासमोरची नीट कापलेली हिरवळ ही केवळ शोभेची बाब राहिली नाही. ती शेजारधर्माचा भाग झाली आणि काही ठिकाणी तर खरेदीखतातील अटही बनली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउन या वसाहतीत घरमालकाने मोसमात दर आठवड्याला गवत कापलेच पाहिजे, असे बंधन होते. ज्या यंत्रामुळे हे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले, ते गवत कापण्याचे यंत्र इंग्लंडमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग याने १८३० मध्ये घडवले होते, आणि त्याची कल्पना त्याला लोकरी कापडाच्या गिरणीत कापडावरची लव छाटणाऱ्या फिरत्या पात्यांवरून सुचली होती. अशा रीतीने घराच्या हिरवळीचा वस्त्रोद्योगाशी संबंध अगदी सुरुवातीपासूनचा आहे; सव्वाशेहून अधिक वर्षांनी तो अधिकच घट्ट झाला, कारण तेव्हा गवत कापण्याऐवजी गवतच विणले जाऊ लागले.

ही हिरवळ राखणे किती खर्चाचे होते, याची कल्पना २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून येते. उपग्रहचित्रांच्या आधारे केलेल्या त्या पाहणीत अमेरिकेतील घरे, बागा, गोल्फची मैदाने इत्यादींवरील हिरवळ सुमारे १,६३,००० चौरस किलोमीटर भरली, म्हणजे त्या देशात ओलिताखाली असलेल्या मक्याच्या क्षेत्राच्या जवळपास तिप्पट. एवढ्या क्षेत्राला पाणी, खत आणि श्रम पुरवणाऱ्या समाजाला कृत्रिम हिरवळीने तीन आश्वासने दिली: ती कापावी लागणार नाही, तिला पाणी घालावे लागणार नाही आणि तिच्याकडे लक्ष द्यावे लागणार नाही. यांतील पहिले आश्वासन पूर्णपणे खरे ठरले, दुसरे बव्हंशी खरे ठरले आणि तिसरे मात्र पहिल्या दशकातच फोल ठरले. खऱ्या गवताला झालेली इजा आजूबाजूची मुळे पसरून भरून काढतात. विणलेल्या गवताला स्वतःची जखम भरता येत नाही, त्यामुळे त्याची प्रत्येक इजा माणसाच्या हातानेच दुरुस्त करावी लागते. तो हात कोणाचा असावा, या प्रश्नाचे उत्तर काळाच्या ओघात असे मिळाले, की हिरवळीची निगा माळ्याकडून निघून गालिचे अंथरणाऱ्या कारागिराकडे गेली.

क्रीडांगणातील जन्म

कृत्रिम हिरवळ जन्मली ती अंगणासाठी नव्हे, शहरातल्या मुलांसाठी. खेड्यातील मुलांच्या तुलनेत शहरी मुलांना खेळायला मोकळी जागा मिळत नाही आणि त्यामुळे त्यांची शारीरिक क्षमता कमी राहते, अशी चिंता १९५० च्या दशकात अमेरिकेत व्यक्त होऊ लागली होती. शाळांच्या इमारतींचा विचार करण्यासाठी फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९५८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने या प्रश्नात लक्ष घातले, आणि मोन्सँटो या रसायन कंपनीच्या कृत्रिम धागे बनवणाऱ्या केमस्ट्रँड या शाखेने डांबरी किंवा काँक्रीटच्या जमिनीवर अंथरता येईल असे नायलॉनचे गवत तयार केले. नॉर्थ कॅरोलायनातील संशोधन केंद्रात डेव्हिड चेनी यांच्या नेतृत्वाखाली हे काम झाले. ‘केमग्रास’ या नावाने ते १९६४ मध्ये ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथील मोझेस ब्राउन या शाळेत बसवण्यात आले. त्याचे एकस्व, म्हणजे शोधावरील कायदेशीर मालकी हक्क, रॉबर्ट राइट आणि जेम्स फारिया यांच्या नावे १९६७ मध्ये नोंदले गेले. त्या दस्तऐवजाच्या शीर्षकात गवताचा उल्लेखही नाही, तर चपट्या धाग्यांची लव असलेली वस्तू एवढेच वर्णन आहे.

या वस्तूला कीर्ती मिळाली ती एका फसलेल्या बागेमुळे. टेक्सासमधील ह्यूस्टन येथे एप्रिल १९६५ मध्ये खुले झालेले ॲस्ट्रोडोम हे संपूर्ण छताखालचे बेसबॉलचे क्रीडागृह होते आणि त्यात खास निवडलेले खरे बर्म्युडा गवत लावलेले होते. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या प्रखर उजेडामुळे खेळाडूंना उंच चेंडू दिसेनासा झाला, म्हणून तावदानांना रंग फासण्यात आला आणि उजेड आटताच गवत मेले. उरलेला हंगाम मेलेल्या गवतावर आणि मातीवर हिरवा रंग मारून कसाबसा पार पाडण्यात आला. १९६६ च्या एप्रिलमध्ये तेथे नायलॉनचे गवत अंथरले गेले आणि या क्रीडागृहाच्या नावावरून ते ‘ॲस्ट्रोटर्फ’ म्हणून ओळखले जाऊ लागले. कारखान्यातून पुरेसा माल न आल्याने सुरुवातीला मैदानाचा आतला भागच झाकला गेला आणि बाहेरचा भाग त्या वर्षीच्या जुलैपर्यंत रंगवलेल्या मातीचाच राहिला. दुरुस्तीच्या दृष्टीने यातील महत्त्वाचा तपशील असा, की तेथील पट्टे एकमेकांना कपड्याप्रमाणे चेन लावून जोडलेले होते, जेणेकरून इतर कार्यक्रमांच्या वेळी ते काढून ठेवता यावेत. म्हणजे कृत्रिम हिरवळीच्या पहिल्याच मोठ्या वापरात ती एकसंध जमीन नसून जोडलेल्या तुकड्यांचे कापड आहे, ही गोष्ट उघड झाली होती.

हे जोडच पुढे तिचे सर्वांत दुबळे अंग ठरले. पहिल्या पिढीतील गवताची पाती आखूड, ताठ आणि खरखरीत होती. हे गवत फेसाच्या पातळ गादीवर आणि ती गादी डांबरी थरावर चिकटवलेली असे. खेळाडू घसरला तर त्याची कातडी सोलून निघत असे, आणि बुटाचा पुढचा भाग अडकून पायाच्या अंगठ्याच्या सांध्याला होणाऱ्या इजेला तर १९७६ मध्ये बॉवर्स आणि मार्टिन या संशोधकांनी वेस्ट व्हर्जिनियातील खेळाडूंच्या अभ्यासातून ‘टर्फ टो’ असे स्वतंत्र नावच दिले. फिलाडेल्फियाच्या व्हेटरन्स स्टेडियममध्ये बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल असे दोन्ही खेळ होत असल्यामुळे मातीचे चौकोन झाकण्यासाठी गवताचे तुकडे वारंवार बसवावे आणि काढावे लागत. तेथे १३ ऑगस्ट २००१ रोजी नवे गवत टाकल्यानंतरचा पहिलाच फुटबॉल सामना रद्द करावा लागला, कारण अशा एका चौकोनाच्या कडेला जमीन खचून धोकादायक चर पडला होता आणि पाहुण्या बाल्टिमोर संघाच्या प्रशिक्षकांनी आपले खेळाडू मैदानात उतरवण्यास नकार दिला. तेथे गवताच्या पाती शाबूत होत्या. दोष होता तो तुकड्याच्या कडेत आणि तिच्याखालच्या भरावात. घराच्या अंगणात मोठ्या दुरुस्तीची वेळ येते, तीही बहुधा याच दोन ठिकाणांमुळे.

टाक्यांचे गाव

अंगणातील गवत कोणत्या हातांनी दुरुस्त व्हावे, हे ते कोठे आणि कसे बनते यावरून ठरले. जॉर्जिया राज्याच्या उत्तर भागात डाल्टन नावाचे गाव आहे. तेथील कॅथरीन इव्हान्स या मुलीने १८९५ च्या सुमारास सुती चादरीवर जाड धाग्याचे टाके घेऊन, ते कापून त्यांचे गोंडे फुलवण्याची जुनी घरगुती कला पुन्हा जिवंत केली. त्यातून पलंगपोसांचा घरोघरी चालणारा व्यवसाय उभा राहिला आणि महामार्गाच्या कडेला दोऱ्यांवर वाळत घातल्याप्रमाणे टांगलेले पलंगपोस विकले जाऊ लागले. पुढे हेच टाके अनेक सुयांच्या यंत्राने घालता येऊ लागले, महायुद्धानंतर यंत्रांची रुंदी वाढत गेली, पलंगपोसांच्या जागी गालिचे आले आणि डाल्टन जगातील गालिचा उद्योगाचे एक प्रमुख केंद्र बनले. कृत्रिम गवताचा मोठा उद्योगही याच भागात स्थिरावला, कारण यंत्रे तीच, कारागीर तेच आणि पद्धतही तीच होती.

या पद्धतीत शेकडो सुया एका ओळीत असतात आणि त्या विणलेल्या पॉलिप्रोपिलीनच्या कापडातून धागा आरपार ढकलतात. वरच्या बाजूला निघालेले फास कापले, की पाती तयार होतात. मागच्या बाजूला लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा लेप दिला जातो, तो टाके धरून ठेवतो, आणि पाणी झिरपावे म्हणून त्या लेपाला ठरावीक अंतरावर छिद्रे पाडतात. दोन ओळींमधील अंतर साधारण ९ ते १२ मिलिमीटर असते. अमेरिकेत अशा गवताचा तागा बहुधा १५ फूट, म्हणजे सुमारे साडेचार मीटर रुंदीचा निघतो. त्यामुळे ज्या अंगणाची लांबी आणि रुंदी दोन्ही त्याहून अधिक, त्या अंगणात निदान एक तरी जोड येणे अटळ असते. माळी जमिनीकडे पाहून काम ठरवतो. हे काम करणाऱ्याला मात्र आधी ताग्याची रुंदी, टाक्यांची ओळ आणि पातींचा कल पाहावा लागतो, आणि ही नजर गालिचे बसवणाऱ्यांकडे आधीपासूनच होती.

अंगणातील प्रवेश

१९७० च्या दशकात अमेरिकी घरांत शिरलेले कृत्रिम गवत खऱ्या हिरवळीचा पर्याय म्हणून नव्हे, तर पायपुसणी, पोहण्याच्या तलावाची कड आणि घरामागची काँक्रीटची ओसरी झाकण्यासाठी वापरले जात होते. ‘द ब्रेडी बंच’ या १९६९ ते १९७४ या काळातील लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेतील घराचे अंगण अशाच गवताचे होते, कारण चित्रीकरण बंदिस्त स्टुडिओत होत असे. प्रेक्षकांच्या मनात मात्र त्या गुळगुळीत, एकसारख्या हिरव्या रंगाची थट्टाच अधिक राहिली. त्या काळची दुरुस्तीही तशीच जुजबी असे: उचकटलेली कड डब्यातल्या डिंकाने पुन्हा चिकटवायची आणि उन्हाने रंग उडाला की सगळाच तुकडा बदलायचा.

खरा बदल घडला तो धाग्यामुळे आणि भरावामुळे. दुसऱ्या पिढीत पाती लांब झाली आणि ती उभी राहावी म्हणून तिच्यात वाळू भरली जाऊ लागली. लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या फुटबॉल क्लबने १९८१ मध्ये अशी जमीन स्वीकारली, पण चेंडूच्या अनैसर्गिक उसळीमुळे इंग्लंडमध्ये ती टिकली नाही. १९९० च्या दशकात आलेल्या तिसऱ्या पिढीत नायलॉनऐवजी मऊ पॉलिएथिलीन आले, पाती आणखी लांब आणि विरळ झाली आणि तिच्यात वाळू व जुन्या टायरचा रबरी चुरा यांचा थर भरला गेला. घरांसाठी याच प्रकाराचे सौम्य रूप तयार झाले: त्यात रबराऐवजी बहुधा केवळ धुतलेली गारेची वाळू, चार-पाच छटांच्या पाती आणि बुडाशी वाळक्या गवताचा भास देणारे तपकिरी कुरळे धागे असतात. पाहणाऱ्याला ते दुरून खरे वाटू लागले आणि त्याबरोबर दुरुस्तीची कसोटीही कठीण झाली, कारण हिरव्या पायपुसणीवरचे ठिगळ कोणी पाहत नसे, पण खऱ्यासारख्या दिसणाऱ्या हिरवळीवरचे ठिगळ लगेच डोळ्यात भरते.

मागणी वाढली ती दुष्काळामुळे. लास व्हेगासच्या परिसराला पाणी पुरवणाऱ्या सदर्न नेव्हाडा वॉटर ऑथॉरिटी या संस्थेने १९९९ पासून गवत काढून टाकणाऱ्या घरमालकांना रोख अनुदान देण्यास सुरुवात केली. तिच्या हिशेबाप्रमाणे गवताच्या एका चौरस फुटामागे वर्षाला ५५ गॅलन, म्हणजे सुमारे २०८ लिटर पाणी वाचते. कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०१५ रोजी राज्यपाल जेरी ब्राउन यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपात करण्याचा आदेश काढला, आणि त्याच वर्षी गृहवसाहतींच्या संघटनांना कृत्रिम गवतावर बंदी घालता येणार नाही असा कायदाही झाला. एकेकाळी खरी हिरवळ न राखणाऱ्याला जाब विचारणाऱ्या वसाहतींना आता खोटी हिरवळ खपवून घेणे भाग पडले, आणि हजारो अंगणे काही वर्षांतच विणलेल्या गवताने झाकली गेली.

इजा आणि त्यांची कारणे

अंगणातील इजा स्थूलमानाने चार प्रकारच्या असतात. पहिली जोड उघडण्याची: सांध्याखालची पट्टी अरुंद असली, चिकटवताना जमीन ओली असली किंवा उन्हाने आकुंचन-प्रसरण होत राहिले, की दोन तुकड्यांमध्ये फट दिसू लागते आणि कड वर वळते. दुसरी जमीन खचण्याची: गवताखाली दाबून बसवलेला खडी-कचेचा थर पुरेसा धुमसलेला नसेल किंवा उंदीर-घुशींनी पोखरला असेल, तर वरचे कापड खड्ड्यात झोळ धरते. तिसरी पाती आडवी पडण्याची, जी सतत चालण्याच्या वाटेवर आणि जड खुर्च्यांखाली आढळते आणि जिच्यात मूळ दोष बहुधा कमी पडलेल्या वाळूचा असतो. चौथी आणि सर्वांत दृश्य इजा जळण्याची किंवा वितळण्याची, जी शेगडीतील निखाऱ्याने, फटाक्याने किंवा चक्क खिडकीच्या काचेने होते.

खिडकीच्या काचेने होणारी इजा ही या इतिहासातील एक विलक्षण गोष्ट आहे, कारण तिच्यात ऊर्जा वाचवण्याचा एक उपाय पाणी वाचवण्याच्या दुसऱ्या उपायाच्या मुळावर आला. घरातील उष्णता बाहेर जाऊ नये व बाहेरची आत येऊ नये म्हणून गेल्या काही दशकांत दुहेरी काचांच्या खिडक्या आणि त्यांवरील धातूचा अतिसूक्ष्म, उष्णता परतवणारा लेप सर्वत्र आला. दोन काचांमधील हवेचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी झाला, की काच किंचित आत वाकते आणि अंतर्गोल आरशाचे काम करू लागते. दुपारच्या उन्हाचा झोत एका पट्ट्यात एकवटतो आणि दिवसाच्या ठरावीक वेळी ठरावीक जागेवरील पाती मऊ पडून गोळा होतात. जुने नायलॉन सुमारे २६० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नसे, तर नव्या मऊ पॉलिएथिलीनचा वितळणबिंदू त्याच्या निम्म्यापेक्षाही खाली आहे. म्हणजे पायाला जो मऊपणा सुखावह वाटला, त्यानेच ही नवी इजा अंगणात आणली. अशा ठिकाणी केवळ ठिगळ लावणे निरुपयोगी ठरते, कारण झोताची जागा बदललेली नसते आणि नवे ठिगळही पुढच्या उन्हाळ्यात तसेच वितळते. आधी काचेवर बाहेरून जाळी किंवा चकाकी रोखणारा पडदा बसवायचा आणि मगच गवताला हात लावायचा, हा क्रम या व्यवसायाने नुकसान सोसूनच शिकला आहे.

उन्हाचा दुसरा त्रास संपूर्ण पृष्ठभागाच्या तापण्याचा. युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात विल्यम्स आणि पुली यांनी २००२ मध्ये केलेल्या मोजणीत कृत्रिम मैदानाचे तापमान कमाल ९३ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचे आढळले. पाणी मारल्यावर ते ७९ अंशांवरून २९ पर्यंत उतरले, पण पाच मिनिटांत ४९ वर आणि वीस मिनिटांत ७३ वर परत पोचले. पाणी वाचवण्यासाठी बसवलेल्या हिरवळीवर पाय ठेवता यावा म्हणून पाणीच शिंपडावे लागते, ही विसंगती वाळवंटी शहरांतील घरमालकांच्या चांगल्याच परिचयाची आहे. या उष्णतेने धाग्याचे आयुष्यही घटते. ठिसूळ झालेली पाती बोटांनी चोळली असता तिचा भुगा होऊ लागला, की त्या तुकड्याची दुरुस्ती करण्यात अर्थ उरत नाही.

ठिगळ लावण्याची रीत

जळालेली जागा दुरुस्त करण्याची जी रीत रूढ झाली आहे, तिच्यात रफूगाराची चिकाटी लागते. प्रथम त्या जागेवरची वाळू ताठ ब्रशने बाजूला सारून काढून घेतात. मग गवत उलटवून, किंवा उलटवणे शक्य नसेल तर वरूनच पाती दोन्ही बाजूंना विंचरून, टाक्यांच्या दोन ओळींमधील मोकळ्या रेषेतून धारदार पात्याने चौकोन कापतात. गोल किंवा वेडावाकडा काप कधीही घेत नाहीत, कारण ओळ मध्येच छेदली गेली तर तिच्यातील टाके सुटून कडेची पाती गळू लागतात. भोक मुठीएवढे असले तरी चौकोन हातभर घेतला जातो, कारण फार लहान तुकड्याला मागचा डिंक धरायला पुरेशी पाठ मिळत नाही.

त्यानंतर ठिगळाचा तुकडा बेतला जातो. त्याच्या बाबतीत तीन गोष्टी जुळाव्या लागतात: टाक्यांच्या ओळींमधील अंतर, रंगाचा घाणा आणि पातींचा कल. रंगाचा घाणा म्हणजे कारखान्यात एका वेळी रंगवलेल्या धाग्याचा गट. त्याच नावाचे आणि त्याच कंपनीचे गवत दुसऱ्या घाण्याचे असेल, तर छटेत फरक पडतो आणि उन्हात काही वर्षे विटलेल्या गवताशेजारी कोरा तुकडा तर हमखास उठून दिसतो. म्हणून जाणकार कारागीर नवा तुकडा घराच्या मागच्या कोपऱ्यात, कुंड्यांच्या किंवा अवजारांच्या खोलीच्या आडोशाला बसवतात आणि तेथील तेवढेच विटलेले गवत काढून दर्शनी भागातील भोकाला लावतात. पातींचा कल म्हणजे त्या ज्या दिशेला झुकलेल्या असतात ती दिशा; बसवतानाच ती बहुधा घराकडे ठेवलेली असते, म्हणजे आतून पाहणाऱ्याला पातींचा दाट, भरगच्च भाग दिसतो. ठिगळ उलट्या कलाने बसले, तर रंग अचूक जुळूनही तो चौकोन वेगळ्या छटेचा भासतो.

खालच्या थरावर सुमारे एक फूट रुंदीची जोडपट्टी अंथरून तिच्यावर बाहेरच्या हवामानात टिकणारा पॉलियुरेथेनचा डिंक लावतात. घरातील गालिच्यासाठी वापरतात ती गरम इस्त्रीने वितळवायची पट्टी येथे सहसा चालत नाही, कारण उन्हात ती पुन्हा सैल होऊ शकते. तुकडा बसवताना जोडाच्या दोन्ही बाजूंच्या टाक्यांच्या ओळींमधील फट इतर ओळींमधील अंतराएवढीच ठेवणे हे सर्वांत नाजूक काम असते: फट कमी पडली तर जोड उंचवट्यासारखा दिसतो, जास्त झाली तर पांढरी रेघ उमटते. एकही पाती डिंकात अडकू नये म्हणून ती बोटांनी किंवा खिळ्याच्या टोकाने उचलत जावे लागते, आणि डिंक वाळेपर्यंत जोडावर वाळूच्या गोण्यांसारखे वजन ठेवावे लागते. शेवटी सुकी वाळू थोडीथोडी शिंपडून कलाच्या उलट दिशेने झाडत आत उतरवतात. घरगुती गवतात चौरस मीटरला साधारण पाच ते दहा किलो वाळू असते, आणि तीच पाती उभी ठेवते, कापड जागेवर दाबून धरते आणि ऊन अंशतः स्वतःवर घेते. बहुतेक अंगणांची दुरवस्था ठिगळाने नव्हे, तर नुसती वाळू भरून आणि ब्रश फिरवून निम्मी दूर होऊ शकते. ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत, कारण त्यातून नवा तागा खपत नाही.

बदलते कायदे आणि मराठी मुलुख

गेल्या दोन दशकांत या वस्तूकडे पाहण्याची दृष्टी पुन्हा पालटली. २००८ मध्ये न्यू जर्सीतील काही जुन्या नायलॉन मैदानांच्या धाग्यात रंगासाठी वापरलेल्या द्रव्यातून आलेले शिसे आढळले, तेव्हापासून जुने, भुगा होऊ लागलेले गवत दुरुस्त करावे की काढून टाकावे, हा आरोग्याचाही प्रश्न झाला. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध घालताना क्रीडांगणांत भरल्या जाणाऱ्या रबरी व प्लास्टिकच्या दाण्यांची विक्री २०३१ नंतर बंद करण्याचे ठरवले. कॅलिफोर्नियाने तर २०२३ मध्ये आपल्याच जुन्या धोरणाला मुरड घालून शहरांना कृत्रिम गवतावर बंदी घालण्याची मोकळीक दिली. जेथे नवे गवत बसवण्यास बंदी येईल, तेथे आधीच बसलेले गवत जास्त काळ टिकवण्याची गरज वाढेल आणि दुरुस्तीच्या या कारागिरीचे मोलही.

मराठी वाचकांचा या वस्तूशी पहिला परिचय कटू होता. १९७५ मध्ये क्वालालंपूर येथे गवतावर विश्वचषक जिंकणारा भारतीय हॉकी संघ पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये, जेथे हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली, सातव्या स्थानावर घसरला. त्याआधीच्या प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये १९२८ पासून भारताने हॉकीत पदक मिळवलेले होते. आज मुंबई-पुण्यात ‘टर्फ’ म्हणजे तासाच्या भाड्याने मिळणारे, जाळीने वेढलेले, रात्री दिव्यांखाली फुटबॉल आणि बॉक्स क्रिकेट खेळण्याचे मैदान, असा अर्थ रूढ झाला आहे; घरात मात्र हे गवत गॅलरी, गच्ची आणि बंगल्याच्या पुढच्या अंगणात पोचले आहे. येथील हवामान नेव्हाडासारखे कोरडे नाही, म्हणून दुखणीही वेगळी आहेत. चार महिन्यांच्या पावसात ज्या गच्चीला पुरेसा उतार नाही तेथे कापडाखाली पाणी साचते, शेवाळ धरते, लॅटेक्सचा लेप कुजून टाके सुटू लागतात, आणि सर्वत्र डिंक फासून चिकटवलेल्या गवताखाली स्लॅबची भेग दिसत नसल्यामुळे गळती बरीच उशिरा लक्षात येते. शेणसड्याच्या अंगणाची दुरुस्ती ज्या भूमीत आठवड्याचे नित्यकर्म होते, तेथे दुरुस्तीची गरजच नाही असे सांगून ही वस्तू विकली जाते, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

साठ वर्षांच्या या इतिहासावरून निष्कर्ष निघतो तो स्पष्ट आहे: कृत्रिम हिरवळीने निगा संपवली नाही, तिचा प्रकार बदलला. ती बसवून घेणाऱ्याने हे आधीच गृहीत धरावे. कापून उरलेले तुकडे फेकून न देता त्यांतला हातभर तरी तुकडा उघड्या उन्हात ठेवावा, म्हणजे तो मूळ गवताबरोबरच विटत राहील. ताग्यावरचा घाण्याचा क्रमांक लिहून ठेवावा. जोड कोठे आहेत याची नोंद कारागिराकडून घ्यावी. गच्चीवर गवत चिकटवू न देता केवळ कडेला धरून ठेवावे, आणि पावसाळ्यापूर्वी ते उचलून खालची जमीन एकदा पाहावी. एवढे केले, तर बहुतेक इजा तासाभराच्या कामाने बुजतात. न केल्यास एका निखाऱ्यापायी सगळे अंगण बदलण्याची वेळ येते.